पंधरा दिवसांनी तोच फॉर्म

न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलच्या पोटविकार विभागात मी रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. नाव भारदस्त असलं तरी प्रत्यक्षात मी फॉर्म सांभाळते. पेशंटकडून ते भरून घ्यायचे, मोजायचे, कॉम्प्युटरवर चढवायचे आणि कपाटात कुलूप लावून ठेवायचे. आम्ही राहतो त्या पार्सिपनी गावातल्या ओळखीच्या घरांत कोणी बँकेच्या सॉफ्टवेअरवर असतं, कोणी औषधांच्या कंपनीत. जेवणाच्या टेबलावर माझी पाळी आली की मी सांगते, "लोकांना शौचाला कसं होतं ते मी विचारते." पुढचा प्रश्न सहसा येत नाही.

मला त्यात काही अवघड वाटत नाही. माझ्या माहेरी सकाळी चहाच्या आधी पाहुण्यालासुद्धा "पोट साफ झालं ना?" असं विचारायची पद्धत होती आणि पाहुणाही सविस्तर सांगायचा.

आमच्या हॉस्पिटलपासून वीस मिनिटांवर अशी दोन गावं आहेत, जिथे दुकानांच्या पाट्या आधी कोरियनमध्ये असतात आणि जागा उरली तर इंग्रजीत. तिथले म्हातारे पेशंट आमच्याकडे येत तेव्हा पोटाच्या तक्रारींची इंग्रजी प्रश्नावली त्यांच्या वतीने सून किंवा नात भरायची. सुनेला कोण काय सांगणार? सगळ्या प्रश्नांपुढे 'नाही'वर खूण. फॉर्म वाचला तर अख्खं गाव ठणठणीत आणि डॉक्टरांच्या दारात मात्र रांग. म्हणून ही प्रश्नावली कोरियनमध्ये करायची आणि ती भरवशाची आहे हे तपासून दाखवायचं, असं ठरलं.

हे काम एका पीएचडीच्या विद्यार्थिनीने घेतलं. ती कोरियातून आलेली, पस्तिशीची, मुळात नर्स. तिथल्या एका नर्सिंग कॉलेजने तिची शिक्षिकेची जागा धरून ठेवली होती. सप्टेंबरचं सत्र सुरू होताना पदवी हातात असेल तर जागा तिची, नाहीतर दुसऱ्या कोणाची. हे तिने मला पहिल्या आठवड्यातच सांगितलं, अगदी बसची वेळ सांगावी तसं. त्या दिवसापासून माझ्या कॅलेंडरवरही सप्टेंबर होता. मला ती 'सनसेंगनिम' म्हणायची. त्याचा अर्थ शिक्षक. मी कोणाला काही शिकवत नाही, असं मी दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं.

भाषांतराला जवळजवळ वर्ष गेलं. तिने आणि कोरियन जाणणाऱ्या आणखी एकीने वेगवेगळं भाषांतर करायचं, मग दोन्ही जुळवून एक करायचं. ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेलंच नाही अशा तिसऱ्या माणसाकडून ते परत इंग्रजीत आणायचं आणि कुठे वाट चुकली ते बघायचं. त्यानंतर पेशंटला समोर बसवून प्रत्येक प्रश्न तुम्हाला काय समजला ते विचारायचं. 'गेल्या सात दिवसांत किती वेळा धावत टॉयलेट गाठावं लागलं?' यावर एक आजोबा म्हणाले, "एकदाही नाही." त्यांची बायको शेजारून काहीतरी पुटपुटली. विद्यार्थिनीने मला इंग्रजीत सांगितलं, "त्या म्हणतायत, याचे गुडघे गेलेत, हा धावणार कसा? पण पोहोचतही नाही." प्रश्नातलं धावणं काढून टाकलं.

शेवटची पायरी माझ्या हातातली होती. ज्यांच्या तब्येतीत काही बदल नाही अशा पेशंटनी आज फॉर्म भरायचा आणि पंधरा दिवसांनी तोच फॉर्म पुन्हा भरायचा. दोन्ही वेळची उत्तरं साधारण जुळली तर प्रश्नावली भरवशाची. वजनकाटा सकाळी एक आणि दुपारी भलतंच दाखवत असेल तर त्याचा काय उपयोग? तसंच हे.

फॉर्मच्या वर पेशंटसाठी माहितीचा कागद असतो. तो इंग्रजीत मी लिहिला. दोनदा का विचारतोय, हेही मी सरळ लिहिलं: 'तुमची दोन्ही वेळची उत्तरं जुळतात का, हे आम्ही पाहणार आहोत.' त्या वाक्यावर भाषांतर करताना ती थांबली.

"हे वाक्य ठेवायचंच का, सनसेंगनिम?"

"का?"

"आमची मोठी माणसं हे फार मनावर घेतील."

"घेऊ देत. पेशंटपासून काही लपवायचं नाही."

तिने मान हलवली आणि भाषांतर केलं. वयाने मोठ्या बाईशी ती एकदाच बोलायची, दुसऱ्यांदा नाही. मला ते ठाऊक होतं. घाईत मी ते तिच्या होकारात जमा केलं.

पेशंट गोळा केले ते तिच्या चर्चमधल्या एका बाईंनी. वय सत्तरीच्या पुढे, उंची जेमतेम पाच फूट, कपडे दुरुस्त करायचं स्वतःचं दुकान. चर्चमध्ये त्यांना एक मानाचं पद होतं आणि सगळे त्यांना त्या पदानेच हाक मारत. मला त्याचा उच्चार जमेना. एकदा तोंडातून "काकू" निघून गेलं. त्यांनी लगेच विचारलं, म्हणजे काय? मी म्हटलं, वडिलांच्या भावाची बायको. "मोठ्या भावाची की धाकट्या?" धाकट्याची, हे ऐकून त्या जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "चालेल." पुढे फोन आला की स्वतःच सांगायच्या, "काकू बोलतेय."

फॉर्म भरायचे रविवारी, प्रार्थनेनंतर, चर्चच्या तळघरातल्या जेवणाच्या हॉलमध्ये. मी निघाले तेव्हा नवरा म्हणाला, "आता रविवारी पण लोकांची पोटं का?" मी म्हटलं, "पोटाला रविवार नसतो. राजमा भिजत घातलाय, कुकर लाव."

चाळीसेक माणसं लांब टेबलांवर बसली होती, पुढ्यात भात आणि सूप. जेवणं झाल्यावर फॉर्म वाटले. काकू टेबलांमधून फिरत होत्या. एकाचा चष्मा पुसून दिला, एकाला दुसऱ्या पानावर नेलं. परीक्षेच्या हॉलमध्ये फिरणारी आमच्या शाळेची मुख्याध्यापिका अशीच चालायची. विद्यार्थिनी म्हणाली, "काकू आहेत म्हणून बरं." मीही तेच म्हणत होते. पंधरा दिवसांनी दुसऱ्या फेरीलाही सगळे हजर. इतकं शिस्तीचं काम मी या नोकरीत पाहिलं नव्हतं.

पहिल्या फेरीचे फॉर्म तिने कॉम्प्युटरवर चढवले, दुसऱ्या फेरीचे मी. मला कोरियन वाचता येत नाही, पण चौकोनातली खूण कोणत्या चौकोनात आहे हे बघायला भाषा लागत नाही. आकडे जुळवून पाहिले तर दोन्ही फेऱ्या तंतोतंत. आमचे प्रोफेसर, म्हणजे तिचे गाईड आणि माझे बॉस, खूश झाले. "ब्यूटिफुल," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी आधी फक्त एका आतड्याच्या फोटोबद्दल ऐकला होता.

मला ते ब्यूटिफुल वाटेना. वीस वर्षं मी लोकांची पोटं कागदावर बघतेय. माणसाचं पोट इतकं एकवचनी नसतं. तब्येत बदलली नाही तरी एखाद्या दिवशी जास्त कळ येते, एखाद्या दिवशी कमी. फॉर्म चांगला असेल तर उत्तरं जवळपास येतात, एकाला एक लागून येत नाहीत.

मी कपाट उघडून कागद काढले. एका बाईंच्या दुसऱ्या फॉर्मवर समासात पेनने एक ओळ लिहिलेली होती, ती चढवताना मी सोडून दिली होती. त्यांचा पहिला फॉर्म काढला. तिथेही समासात एक ओळ. तीच लांबी, तीच जागा, मध्ये तसाच तीनचा आकडा. दोन्ही कागद एकावर एक ठेवून मी खिडकीच्या काचेला लावले. बाहेर पार्किंग लॉटवर दुपारचं ऊन होतं. ओळीवर ओळ बसली.

मी विद्यार्थिनीला बोलावलं. "काय लिहिलंय?"

तिने वाचलं. "परवा नातीच्या वाढदिवसाला केक खाल्ला, म्हणून तीन वेळा."

"आणि दुसऱ्यावर?"

"तेच."

पंधरा दिवसांत नातीचे दोन वाढदिवस. आम्ही दोघी हसलो. आधी तिचं हसणं थांबलं.

तिने काकूंना फोन लावला. तो स्पीकरवर होता. त्या कोरियनमध्ये बोलत होत्या आणि आवाजात लपवाछपवी काहीच नव्हती, उलट काम तडीला नेल्याचं समाधान होतं. फोन ठेवल्यावर तिने मला सांगितलं. उत्तरं जुळली पाहिजेत असं कागदावर लिहिलेलं होतं, म्हणून काकूंनी पहिल्या रविवारी प्रत्येकाला आपापल्या फॉर्मचे फोटो फोनवर काढायला लावले. ज्यांना फोटो काढता येत नव्हते त्यांचे स्वतः काढले. दुसऱ्या रविवारी सगळ्यांनी फोटो बघून उतरवून काढलं. वाढदिवसाच्या केकसकट.

"त्या म्हणाल्या, आपल्या माणसांनी एकही चूक केली नाही. प्रोफेसरांसमोर तुला मान खाली घालावी लागणार नाही."

ती खुर्चीत बसली. तिला हिशोब करायला वेळ हवा होता आणि तो सोपा होता. दुसरी फेरी रद्द. पहिली नवीन, तिच्यानंतर पंधरा दिवसांनी दुसरीही नवीन. माहितीचा कागद बदलायचा तर एथिक्स कमिटीची परवानगी पुन्हा घ्यायची. जूनचा शेवट होता.

"प्रोफेसरांना सांगावं लागेल," ती म्हणाली.

"हो."

"त्यांनी आकडे पाहिलेत. त्यांना आवडलेत."

"हो."

"तुम्ही नका सांगू. मी सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिने सांगितलं. मी बाजूला उभी होते आणि त्या कागदावरचं वाक्य माझं होतं, हे मी सांगितलं. तिने विचारलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, हेही. प्रोफेसर म्हणाले, "ओके. रीडू." वाईट माणूस नाही, पण सप्टेंबर त्यांचा नव्हता.

आता काकूंना सांगायचं होतं. हे मात्र तिच्याने होईना. आपल्या भल्यासाठी राबलेल्या मोठ्या बाईला 'तुमच्या मदतीने माझं नुकसान झालं' हे ती सांगू शकत नव्हती, आणि मी तिला आग्रह केला नाही. आमच्याकडच्या सुनाही असं सांगत नाहीत. त्या दुसऱ्या कोणालातरी पाठवतात. मी गेले.

काकूंच्या दुकानात छतापासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांतले कपडे टांगलेले होते. त्या एका पँटला टीप घालत होत्या. मी सगळं इंग्रजीत, जमेल तितकं सोपं करून सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं नाही.

"फोटो बघून लिहिलं तर काय बिघडलं? उत्तर तेच ना?"

"त्या दिवशीचं उत्तर हवं होतं, काकू. आधीचं नको होतं."

"आणि त्या दिवशी वेगळं असलं तर?"

"तर वेगळं लिहायचं."

"मग प्रोफेसर म्हणणार, हे कोरियन लोक आज एक सांगतात, उद्या दुसरंच."

"नाही म्हणणार. फॉर्म वाईट आहे म्हणतील."

"फॉर्म तर मुलीने बनवलाय!"

"फॉर्म वाईट असेल तर तो वाईट ठरायला हवा. म्हणून तर तपासतोय."

मशीन थांबलं. "तुम्ही कागदावर लिहिलंत जुळतात का बघणार. आम्ही जुळवून दिलं. आता म्हणता जुळवायचं नव्हतं."

"बरोबर आहे."

"ते वाक्य कोणाचं?"

"माझं."

"मुलीने सांगितलं नाही तुम्हाला?"

"विचारलं होतं. मी ऐकलं नाही."

त्यांनी दाताने दोरा तोडला. "म्हणजे चूक तुमची."

"हो."

"किती वर्षं झाली या नोकरीत?"

"वीस."

"वीस," त्या म्हणाल्या आणि पँट घडी घालून बाजूला ठेवली. "बरं. थोडी माझीही. ज्यांना फोटो काढता येत नव्हते, त्यांचेही मीच काढून दिले." मग पुढे वाकून विचारलं, "मुलीची जागा जाणार?"

"माहीत नाही. उशीर तर नक्की होणार."

"कधी करायचं पुन्हा?"

परवानगीला जुलै महिना गेला. नव्या कागदावरचं वाक्य तिने आधी कोरियनमध्ये लिहिलं, मग मी ते इंग्रजीत करून घेतलं. 'आज जसं आहे तसं लिहा. आधी काय लिहिलं होतं ते आठवू नका. तुमची परीक्षा नाही, या कागदाची परीक्षा आहे.' यात लपवलेलं काही नव्हतं आणि मनावर घेण्यासारखंही काही नव्हतं.

दोन्ही फेऱ्यांना माणसं एकेक करून वेगळ्या खोलीत पाठवली. दाराशी काकू खुर्ची टाकून बसल्या. प्रत्येकाचा फोन काढून घ्यायच्या, त्याला दुकानातली नंबराची चिठ्ठी टाचणीने अडकवायच्या आणि अर्धी चिठ्ठी माणसाच्या हातात द्यायच्या. फोनला टाचणी टोचत नाही, म्हणून आधी रुमालात गुंडाळायच्या. एक आजोबा फोन देईनात. काकू त्यांना काहीतरी बोलल्या आणि रांगेतली सगळी माणसं हसली. मी विद्यार्थिनीकडे पाहिलं.

"त्या म्हणाल्या, तुमचं पोट तुम्हाला फोनला विचारावं लागतं का?"

जूनमधल्या काही जणांनी या वेळी नाही म्हटलं. एक बाई हॉस्पिटलमध्ये होत्या, एकजण मुलाकडे दुसऱ्या राज्यात राहायला गेले होते. त्यांच्या जागी नवीन माणसं शोधण्यात आणखी दिवस गेले. दुसरी फेरी संपली तेव्हा सप्टेंबर लागला होता. आकडे आले ते माणसांच्या पोटांसारखे. बहुतेक प्रश्नांची उत्तरं बऱ्यापैकी जुळत होती, एकदोन प्रश्नांची ओढूनताणून. एक प्रश्न तर सरळ नापास झाला आणि तिने तो काढून टाकला. ब्यूटिफुल कोणी म्हणालं नाही. मला ते आकडे खरे वाटले.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कॉलेजची ईमेल आली. ती मी पाहिली नाही. झेरॉक्स मशीनपाशी ती मला म्हणाली, "जागा भरली." कोणाला मिळाली, हे मी विचारलं. तिच्या दोन वर्षं मागची मुलगी होती. "हुशार आहे," ती म्हणाली आणि मशीनमध्ये कागद घातले. मी सॉरी म्हटलं. तिने मान हलवली. ते माफ करणं होतं की नुसतं ऐकलं असं सांगणं, हे मला कळलं नाही आणि मी खोदून विचारलं नाही.

प्रबंधाची तोंडी परीक्षा ऑक्टोबरअखेरीस झाली. ती सगळ्यांना खुली असते. मागच्या रांगेत काकू चर्चच्या तीन बायकांना घेऊन बसल्या होत्या. विद्यार्थिनीने घातलेला कोट त्यांनीच कमरेत आत घेऊन दिला होता. बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "जूनमधल्या फेऱ्या तुम्ही रद्द केल्यात. प्रबंधात दोनच ओळी आहेत. नेमकं काय झालं?"

मी मागे बघितलं नाही. काकूंना इंग्रजी कळतं.

"आम्ही दिलेली सूचना चुकीची होती," ती म्हणाली. "लोकांनी सूचना अगदी नीट पाळली. त्यामुळे आम्हाला ती चुकीची आहे हे कळलं."

"आणि हे लक्षात कसं आलं?"

तिने नातीच्या वाढदिवसाची गोष्ट सांगितली. परीक्षक बाई हसल्या, प्रोफेसरही हसले. मागून एका बाईचं हसू सगळ्यांत मोठ्याने आलं. त्याच केकवाल्या आजी असाव्यात. पदवी मिळाली.

डिसेंबरमध्ये ती परत गेली. जाण्याआधीच्या शुक्रवारी आम्ही दोघींनी कागद आवरले. तिला मार्चपासून एका लहान शहरातल्या कॉलेजात नोकरी मिळाली होती, हुद्दा आधीच्या जागेपेक्षा एक पायरी खाली. तिकडे पायऱ्या चढायला वेळ लागतो, एवढंच ती त्याबद्दल बोलली. चांगल्या फेऱ्यांचे फॉर्म एका खोक्यात गेले, जूनचे दुसऱ्यात. जूनच्या खोक्यावर तिने मार्करने दोन भाषांत लिहिलं: वापरू नये. मी झाकणाला टेप लावली.

"सनसेंगनिम, वापरायचे नाहीत तर हे टाकून का देत नाही?"

"नियम आहे. पुष्कळ वर्षं ठेवावे लागतात."

"किती?"

मी सांगितलं. तिने मनात मोजलं.

"तोपर्यंत मी प्रोफेसर झाले असेन," ती म्हणाली आणि खोक्याचं दुसरं टोक धरलं. ते जड होतं. आम्ही ते वरच्या फळीवर चढवलं आणि मी कपाटाला कुलूप लावलं.